मतदार यादीतला परका कोण?

१७ एप्रिल २०१४. लोकसभेचे मतदान. हडपसर शिरूर मतदारसंघात येते आणि पुण्याबरोबर आमच्याकडेही त्याच दिवशी मतदान होते. अब्बा सकाळी सहालाच इस्त्रीचा शर्ट घालून तयार. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी आयुष्यभर लेथ चालवला. पहिली पाळी असो वा रात्रपाळी, त्यांचे मतदान कधी चुकले नाही. अम्मी, अब्बा आणि मी असे तिघे केंद्रावर गेलो. अम्मीचे नाव सापडले, माझे सापडले, अब्बांचे सापडेना. टेबलावरच्या मुलाने यादी पुढून पाहिली, मागून पाहिली आणि म्हणाला, "काका, नाव नाही तुमचं." अब्बांनी ओळखपत्र पुढे केले. तो म्हणाला, "कार्ड चालत नाही, यादीत नाव लागतं."

त्याचे म्हणणे कायद्याने बरोबरच होते. ओळखपत्र म्हणजे मताचा हक्क नव्हे. हक्क यादीतल्या नावातून येतो. अब्बा काही बोलले नाहीत. बाहेर लिंबाच्या सावलीत उभे राहून आमची वाट पाहत राहिले.

पुढे चौकशी केली तेव्हा नावापुढचा शेरा कळला: 'स्थलांतरित'. आम्ही १९८६ पासून त्याच घरात राहतो. एकाच घरातून एकटे अब्बाच कसे काय स्थलांतरित झाले, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

गोष्ट इथे संपली असती तर मी फक्त तक्रार लिहिली असती. पण अब्बांचे नाव पुन्हा घालण्यासाठी संगणकावर शोधाशोध करताना मला दुसरेच काही सापडले. माझे नाव यादीत दोनदा होते. एकदा हडपसरमध्ये आणि एकदा मी जिथे इंजिनिअरिंग शिकलो त्या गावात. अठरा पूर्ण झाल्यावर कॉलेजात नोंदणी शिबिर लागले होते, तिथे मी फॉर्म भरला होता. पुढे घरी परत आल्यावर इथे दुसरा भरला. जुने नाव काढायला हवे हे मला कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

म्हणजे आमच्या घरात मतदार तीन आणि आमच्या नावाच्या नोंदीही तीनच. बेरीज बरोबर, यादी चूक.

पुण्याचा तो दिवस

त्या दिवशी आम्ही एकटे नव्हतो. पुण्यात असंख्य मतदार नाव नाही म्हणून परत गेले. ज्येष्ठ अभिनेते अमोल पालेकर यांचेही नाव यादीत नव्हते. आठवड्याने मुंबईत मतदान झाले, तेव्हा बँकिंग क्षेत्रातील दीपक पारेख यांच्यासारख्या माणसालाही तोच अनुभव आला. अखेर निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी महाराष्ट्रातील मतदारांची जाहीर माफी मागितली. माफीने मत परत मिळाले नाही, पण एक गोष्ट मान्य झाली: नाव गळते, आणि ते कोणाचेही गळू शकते.

पालेकरांचे आणि अब्बांचे नाव एकाच दिवशी नव्हते. फरक इतकाच की पालेकर कुठून आले असे कोणी विचारले नाही. अब्बांच्या बाबतीत शेजारच्या गल्लीतला एकजण सहज बोलून गेला, "कागदपत्रं नीट आहेत ना चाचांची?"

हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत वाढला आहे. ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर, रिक्षात तो ऐकू येतो. माझा एक सहकारी, चांगला माणूस, जेवताना म्हणाला, "तुमच्या सय्यदनगरच्या यादीत बांगलादेशी खूप घुसलेत म्हणे?" त्याच्या मनात विखार नव्हता. त्याला खरोखर तसे वाटत होते. त्याला जेवणाच्या टेबलावर जे उत्तर देता आले नाही, ते इथे देतो.

आधी स्पष्ट बोलू

भारताचा नागरिक नसलेल्या माणसाने इथे मतदान करू नये. यात 'पण' नाही. घटनेच्या कलम ३२६ ने मताचा हक्क प्रौढ नागरिकाला दिला आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १६ सांगते की जो नागरिक नाही त्याचे नाव यादीत येऊ शकत नाही. १९५१ च्या कायद्यानुसार अपात्र माणसाचे नाव चुकून यादीत असले तरी त्याला मत देता येत नाही. खोटी माहिती देऊन नाव लावले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुण्यात बनावट कागदांवर राहणारे परदेशी पकडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. अशा माणसावर कारवाई झाली तर ती मुसलमानांवरची कारवाई नाही, ती कायद्याची अंमलबजावणी आहे. आपल्या समाजातल्या कोणी पैसे घेऊन त्याला खोटा दाखला मिळवून दिला असेल तर तो आपलाही गुन्हेगार आहे, कारण त्याच्या एका दाखल्यामुळे शंभर खऱ्या दाखल्यांवर संशय येतो. मालेगावच्या जन्मदाखल्यांच्या प्रकरणात हेच झाले. चौकशी काहींची आणि धास्ती साऱ्यांची.

हे आपण तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. मोठ्याने बोलले पाहिजे. इतर देशांचे नियम वेगळे आहेत. न्यूझीलंडमध्ये कायम रहिवासी परदेशी माणूस संसदेसाठी मत देतो, आणि लंडनमध्ये राहणारा पुण्याचा मुलगा भारतीय पासपोर्टवर ब्रिटनच्या निवडणुकीत मत देऊ शकतो, कारण तिथे राष्ट्रकुलातील नागरिकांना तो हक्क आहे. आपल्या घटनेने वेगळा मार्ग घेतला. तो आपल्याला मान्य आहे.

माझ्या ओळखीचा परदेशी मतदार

आता माझ्या ओळखीतला एकमेव परदेशी नागरिक सांगतो, ज्याचे नाव हडपसरच्या यादीत होते. तो सय्यदनगरमध्ये राहत नाही. तो माझ्याबरोबर इंजिनिअरिंगला होता, हडपसरच्याच एका मोठ्या सोसायटीत त्याचे आईवडील राहतात आणि तो अमेरिकेत आहे. काही वर्षांपूर्वी त्याने तिथले नागरिकत्व घेतले. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले त्या क्षणी इथले संपले. हातात ओसीआय कार्ड आहे, त्यावर आयुष्यभर येता-जाता येते, फ्लॅट घेता येतो, पण मत देता येत नाही.

२०२४ च्या दिवाळीत तो आला होता. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. म्हणाला, "सुट्टी वाढवली तर मतही टाकून जाईन, नाव आहे अजून." त्याच्या मनात फसवणूक नव्हती. लहानपणापासून इथला, त्यामुळे मत आपलेच असे त्याला वाटत होते. मी कायदा सांगितला तेव्हा तो हसला. म्हणाला, "अरे, मला कोण विचारणार आहे?"

त्याने मत दिले नाही, नंतर फॉर्म ७ भरून नावही काढले. पण त्याचे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. खरेच, त्याला कोणी विचारणार नव्हते. त्याचे आडनाव, त्याची सोसायटी, त्याचे बोलणे, यातले काहीच संशयाच्या चौकटीत बसत नाही. विचारणा होते ती अब्बांना, ज्यांनी आयुष्यात पासपोर्टच काढला नाही.

हा शब्दांचा खेळ नाही. हडपसर, खराडी, बाणेर, हिंजवडी या भागांतून पंचवीस वर्षे मुले बाहेर जात आहेत. त्यातली जी भारतीय पासपोर्टवर आहेत त्यांना फॉर्म ६अ भरून परदेशस्थ मतदार होता येते. इथे येऊन मत देता येते. ज्यांनी पासपोर्ट बदलला त्यांची नावे कोण काढते? पासपोर्ट परत केल्याची नोंद एका खात्यात, मतदार यादी दुसऱ्या यंत्रणेत. नाव काढण्यासाठी कुणीतरी अर्ज करावा लागतो किंवा घरी आलेल्या बीएलओला सांगावे लागते. 'परदेशी मतदार' खरोखर शोधायचे असतील तर शोध वस्तीत जसा घ्यायचा तसा टॉवरमध्येही घ्यावा लागेल. फक्त वस्तीतच घेतला तर तो परदेशी माणसाचा शोध राहत नाही, आडनावाचा शोध होतो.

यादी कशाने मळते

आमच्या कामात एक सवय लागते: चूक दुरुस्त करण्याआधी ती कशामुळे होते ते पाहायचे. मतदार यादी कशामुळे बिघडते?

बिहारमध्ये २०२५ च्या जूनमध्ये विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे आली नाहीत. आयोगाने दिलेली कारणे अशी: सुमारे २२ लाख मृत, सुमारे ३६ लाख कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले, सुमारे ७ लाख एकाहून जास्त ठिकाणी नोंदलेले. चर्चा सारी घुसखोरांची झाली, पण या यादीत 'परदेशी' असा वेगळा रकानाच नव्हता.

आपल्याकडे पाहा. जानेवारी २०२६ मधील महापालिका निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने प्रारूप याद्या काढल्या आणि दुबार वाटणाऱ्या नावांपुढे खूण केली. मुंबईत सुमारे ४ लाख ३३ हजार मतदारांच्या मिळून ११ लाखांवर नोंदी निघाल्या. पुण्यात खूण केलेली नावे तीन लाखांच्या आसपास होती. यातली बरीच नावे खरोखर दुबार आणि बरीच केवळ सारख्या नावाची वेगवेगळी माणसे. कोणती कुठली हे घरी गेल्याशिवाय कळत नाही.

हडपसरमध्ये असे का होते हे सांगायला तज्ज्ञ नको. इथले अर्धे लोक भाड्याने राहतात. अकरा महिन्यांचा करार संपला की गोंधळेनगरहून काळेपडळला, तिथून मांजरीला. प्रत्येक वेळी पत्ता बदलतो, यादी बदलत नाही. सोलापूर, लातूर, बीड, उस्मानाबादकडून आलेला माणूस गावचे नाव ठेवतो, कारण गावची ग्रामपंचायत त्याला महत्त्वाची वाटते, आणि इथेही नाव लावतो, कारण नगरसेवकाचा माणूस घरी येऊन फॉर्म भरून नेतो. लग्न होऊन आलेल्या मुलीचे माहेरचे नाव तसेच राहते आणि सासरच्या नावाने दुसरे चढते. आजोबा वारतात, मृत्यूचा दाखला बँकेत आणि एलआयसीत जातो, मतदार यादीकडे कोणी नेत नाही. शेजारची फुरसुंगी २०१७ मध्ये महापालिकेत आली, पुढे उरुळी देवाचीसह वेगळी नगरपरिषद झाली. माणसे जागची हलली नाहीत, हद्दी हलल्या.

यात कुठेही सीमा ओलांडावी लागत नाही. आळस आणि घरोघरी न पोचणारी यंत्रणा एवढे पुरेसे आहे.

मुद्दाम केलेली लबाडीही असते आणि ती वेगळ्या वाटेने येते. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा मतदारसंघात २०२४ मध्ये नव्या नावांसाठी हजारो बनावट ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीत सहा हजारांहून जास्त अर्ज नाकारले गेले आणि गुन्हा दाखल झाला. सीमेपलीकडे कर्नाटकातील आळंदमध्ये २०२३ च्या निवडणुकीआधी उलटे घडले. नावे काढण्यासाठी ६,०१८ अर्ज आले, तेही दुसऱ्यांच्या नावाने. तपासले तेव्हा त्यातले फक्त २४ खरे निघाले. दोन्हीकडे लबाडी पकडली ती घरी जाऊन विचारणाऱ्या कर्मचाऱ्यांमुळे.

दुबार नावाला धर्म लावू नका

१ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत विरोधी पक्षांनी सदोष याद्यांविरुद्ध मोर्चा काढला. उत्तरादाखल मंत्री आशिष शेलार यांनी पत्रकार परिषद घेऊन विरोधकांच्या मतदारसंघांतील मुस्लिम दुबार नावे मांडली. म्हणजे दुबार नावांचीही वाटणी झाली, हिंदू दुबार इकडे आणि मुस्लिम दुबार तिकडे. मला दोन्ही बाजूंना सांगावेसे वाटते की माझे स्वतःचे नाव वर्षानुवर्षे दोनदा होते. त्यात कटकारस्थान नव्हते, एक कॉलेजचे शिबिर आणि एक आळशी विद्यार्थी होता.

तरीही विरोधकांचा एक प्रश्न खरा आहे. २०२४ च्या लोकसभेला राज्यात सुमारे ९ कोटी ३० लाख मतदार होते, सहा महिन्यांनी विधानसभेला सुमारे ९ कोटी ७० लाख. या वाढीवर कोणी 'मतचोरी' म्हणते, कोणी 'तरुणांची नोंदणी'. आमच्या घराची बेरीज आठवा. निव्वळ आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. किती नावे चढली, किती उतरली, कोणत्या केंद्रावर आणि कोणत्या कारणाने, हे वाचता येईल अशा रूपात समोर ठेवले तर भांडण एका आठवड्यात मिटेल. पण याद्या छायाचित्राच्या पीडीएफमध्ये मिळतात. त्यात शोधता येत नाही, जुळवता येत नाही. मतदारांच्या खासगीपणाचे कारण दिले जाते आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शोधता येणारी यादी द्या असा आदेश देण्यास नकार दिला. खासगीपणाची काळजी मला पटते. पण घरक्रमांक आणि फोटो वगळून प्रत्येक केंद्रावरच्या वाढ-घटीचा तक्ता द्यायला काय हरकत आहे? हडपसरमध्ये २०२४ ला सहा लाखांवर मतदार होते आणि निकाल ७,१२२ मतांनी लागला. २०१९ ला तर २,८२० मतांनी. इतक्या बारीक फरकाच्या ठिकाणी लोकांना यादीवर विश्वास हवा. जिंकणाऱ्यालाही तो हवा.

यंत्राने दिलेला इशारा म्हणजे निकाल नव्हे

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. पुष्कळांना वाटते, हे सगळे संगणकावर टाका, एका बटणात घुसखोर बाहेर. मी रोज अशीच बटणे बनवतो, म्हणून सांगतो.

समजा, सहा लाखांच्या यादीत ६०० अपात्र नावे आहेत. आणि समजा, शंभरात ९९ वेळा बरोबर ठरणारी प्रणाली आपण बनवली, जी प्रत्यक्षात कोणाकडेच नसते. ती ६०० पैकी ५९४ पकडेल. छान. पण उरलेल्या जवळपास सहा लाख खऱ्या मतदारांतही ती एक टक्का चुकेल, म्हणजे सुमारे सहा हजार निर्दोष माणसांवर बोट ठेवेल. नोटिसा निघतील त्यात दर अकरांमागे दहा चुकीच्या. प्रणाली ९९ टक्के बरोबर असूनही. जे शोधायचे ते फार थोडे असले की असेच होते, हे साधे गणित आहे.

टेक्सासमध्ये हे घडले. २०१९ च्या जानेवारीत तिथल्या सरकारने वाहनपरवान्याच्या नोंदींशी यादी जुळवून सुमारे ९५ हजार मतदारांवर परदेशी असल्याचा संशय जाहीर केला. काही दिवसांतच कळले की त्यातले सुमारे २५ हजार लोक नागरिकत्व मिळालेले होते. परवाना काढला तेव्हा परदेशी, मत दिले तेव्हा नागरिक. जुन्या नोंदीने नव्या माणसाला खोटे ठरवले. शेवटी न्यायालयात तडजोड करून मोहीम मागे घ्यावी लागली. त्या ९५ हजारांत आपले मराठी लोकही असतील, ज्यांनी शपथ घेऊन नागरिकत्व मिळवले आणि मग नोटीस वाचली.

बंगालमध्ये पुनरीक्षणात 'तार्किक विसंगती' नावाचा नियम लावला गेला. आईवडील आणि मुलाच्या वयात फार कमी किंवा फार जास्त अंतर, नावाच्या लेखनात फरक, अशा कारणांनी सव्वा कोटीच्या आसपास मतदार बाजूला निघाले. अमर्त्य सेन यांनाही आईच्या आणि त्यांच्या वयातल्या फरकावरून नोटीस गेली. गोव्यात माजी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल अरुण प्रकाश यांना ओळख पटवण्यासाठी बोलावणे आले. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला माणूस! हे कोणी दुष्टपणाने केले असे मी म्हणत नाही. नियम आंधळा असतो एवढेच म्हणतो. सेन आणि अरुण प्रकाश यांची बातमी होते. वैदूवाडीतल्या धुणेभांडी करणाऱ्या बाईची होत नाही. तिचा एक दिवसाचा पगार जातो, मग दुसऱ्या तारखेचा जातो, आणि तिसऱ्या तारखेला ती जात नाही.

आमच्या नावांचे तर विचारूच नका. महंमद, मोहम्मद, मोहंमद, मो., मोहम्मेद ही सगळी एकाच माणसाची रूपे. शेख कधी आधी, कधी शेवटी. आईचे नाव कुठे 'बी' लावून, कुठे 'बानो'. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून परत मराठीत आणताना संगणक प्रत्येक वेळी एक अक्षर खातो. मराठी हिंदू बाईचेही लग्नानंतर तिन्ही शब्द बदलतात. अशा देशात 'नाव जुळत नाही' हा पुरावा नसतो, ती प्रश्नाची सुरुवात असते. आसाममधील रहीम अली यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हेच सांगितले: कोणालाही उगाच उठून परदेशी म्हणता येत नाही, संशयामागे काही ठोस आधार हवा, आणि नावाच्या लेखनातील किरकोळ फरकांवर नागरिकत्व हिरावता येत नाही. हा निकाल आला तेव्हा रहीम अली जिवंत नव्हते.

नोटिशीला कारण हवे

हा वाद नवा नाही आणि त्याचे उत्तरही जुने आहे. १९९४ च्या सुमारास दिल्ली आणि मुंबईतल्या वस्त्यांतील मतदारांना परदेशी असल्याच्या संशयावरून नोटिसा गेल्या होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९९५ मध्ये लालबाबू हुसेन खटल्यात न्यायालयाने सांगितले की ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे ते रीतसर चौकशीनंतरच आले असे धरले पाहिजे. संशय असेल तर त्यामागचा आधार त्या माणसाला कळवला पाहिजे. अधिकाऱ्याने पोलिसांच्या कागदावर डोळे मिटून सही न करता स्वतःची बुद्धी वापरली पाहिजे. आणि माणसाला आपले म्हणणे मांडण्याची खरी संधी दिली पाहिजे.

यात मुसलमानांसाठी खास काही नाही. पालेकरांनाही हेच हवे होते आणि अ‍ॅडमिरलनाही. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांमुळे पुनरीक्षण मागे राहिले, पण ते येणार आहे. ते व्हावेच, असे माझे मत आहे. यादी साफ झाली पाहिजे. फक्त चार गोष्टी पाळाव्यात: संशयाचे कारण लेखी द्यावे, नाव काढण्याआधी घरी जाऊन पाहावे, वगळलेली नावे कारणासह केंद्रावर लावावीत, जसे बिहारबाबत न्यायालयाने सांगितले, आणि शोधाचा नियम सोसायटी आणि वस्ती दोन्हींना एकच असावा.

देशाने हे एकदा शिकलेले आहे. पहिल्या निवडणुकीची यादी करताना सुमारे २८ लाख बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी वगळल्या. शिस्त म्हणून ते बरोबर असेल, पण त्या बायका नागरिक नव्हत्या का? पुढच्या निवडणुकीपूर्वी यंत्रणेने पुन्हा घरोघर जाऊन नावे विचारली. यादी अशीच साफ होते. नुसते खोडून भागत नाही.

आपला गृहपाठ

शेवटी आपल्या लोकांशी दोन शब्द. दुसऱ्याच्या नियतीवर बोट ठेवणे सोपे, आपल्या कपाटातला कागद काढणे अवघड.

घरातले कोणी वारले असेल तर फॉर्म ७ भरा. गावाकडे नाव असेल आणि इथे राहत असाल तर एक ठेवा, एक काढा. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याने चालत नाही. "असू दे, काय बिघडतंय" म्हणू नका. उद्या तेच नाव कोणाच्या तरी पत्रकार परिषदेत झळकेल. पत्ता बदलला असेल, नावात चूक असेल तर फॉर्म ८. मुलगी अठराची झाली असेल तर तिचे नाव मुलाइतक्याच घाईने लावा. आपल्या घरांत ते राहून जाते. २००२ ची यादी शोधून ठेवा, कारण पुढचे पुनरीक्षण तिच्याशीच जुळवले जाईल. हडपसर मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतून झाला आहे, त्यामुळे २००२ च्या यादीत 'हडपसर' शोधलेत तर काहीच सापडणार नाही. तेव्हाच्या जुन्या मतदारसंघात शोधा. माझा जन्म १९८९ चा. कायद्याने १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याला आईवडिलांपैकी एकाचे नागरिकत्व लागते. म्हणजे २०१४ ला ज्यांचे नाव गळले, त्या अब्बांच्या जुन्या नोंदीवर माझाही कागद उभा आहे. तुमच्यापैकी अनेकांचे तसेच असेल.

अब्बांचे नाव आम्ही फॉर्म ६ भरून पुन्हा लावले. १५ ऑक्टोबर २०१४ ला विधानसभेसाठी त्यांनी मत दिले. माझे कॉलेजच्या गावातले नाव काढायला मात्र मी आणखी चार वर्षे लावली, कारण मला कोणी हाकलत नव्हते. आता दर रविवारी सकाळी आम्ही काही मित्र लॅपटॉप घेऊन मोहल्ल्यात बसतो आणि जुन्या यादीत लोकांची नावे शोधतो. सोसायटीतून दोन हिंदू मित्र येतात. त्यांच्याही आजीचे नाव २००२ मध्ये सापडत नाही. परवा मला जेवताना प्रश्न विचारणारा सहकारी फोनवर विचारत होता, "अरे, माझ्या आईचं नाव लग्नाआधीच्या आडनावानं आहे, चालेल का?"

मी म्हटले, रविवारी ये. कागद घेऊन ये.